डॅफोडिल्सच्या आधी काय काय घडलं होतं: रोमँटिक कवितेतला निसर्ग आणि भावना

इंग्रजी कवी वर्ड्सवर्थची डॅफोडिल्सच्या फुलांवरची कविता कॉलेजात असताना बऱ्याच जणांनी वाचलेली असते आणि मनात चित्र बसतं ते असं की एकटा कवी फिरायला निघाला, फुलं दिसली, मन भरून आलं आणि त्याने तिथल्या तिथे कविता लिहून टाकली. प्रत्यक्षात हे असं घडलेलंच नाही.

तो दिवस होता १५ एप्रिल १८०२. वर्ड्सवर्थ एकटा नव्हता, बहीण डोरोथी बरोबर होती, दोघं अल्सवॉटर तळ्याच्या काठाने ग्रासमीरला घरी चालले होते आणि वारा इतका भयंकर सुटला होता की एकदा परत फिरावं असंही त्यांना वाटलं. डोरोथीने डायरीत लिहून ठेवलंय की काही फुलं दमल्यासारखी दगडांवर डोकं टेकून होती, दगड म्हणजे जणू त्यांच्या उशाच, आणि बाकीची वाऱ्यासोबत झोकांड्या देत हसत नाचत होती. कविता लिहिली गेली १८०४ मध्ये, छापून आली १८०७ मध्ये. ती फुलं एकांतात अंतर्मनाच्या डोळ्यासमोर चमकून जातात या अर्थाच्या त्यातल्या दोन ओळी, सगळ्यात महत्त्वाच्या, त्या तर बायको मेरीने सुचवलेल्या, हे त्याने स्वतःच सांगितलंय. म्हणजे एका माणसाने पाहिलं, दुसरीने लिहून ठेवलं, तिसरीने ओळी दिल्या आणि मध्ये दोन वर्षं गेली.

आणि ही दोन वर्षंच मला सगळ्यात मोलाची वाटतात. १८०० साली ‘लिरिकल बॅलड्स’च्या, म्हणजे त्याच्या आणि त्याचा कवीमित्र कोलरिजच्या कवितासंग्रहाच्या, दुसऱ्या आवृत्तीला त्याने जी प्रस्तावना जोडली त्यातलं एक वाक्य सगळे सांगतात, की कविता म्हणजे उत्कट भावनांचं आपसूक ओसंडणं. पण तो लगेच पुढे म्हणतो की ही भावना निवांतपणी आठवलेली असते, आणि तो भाग आपण विसरतो. रोमँटिक कवितेतला, म्हणजे या काळातल्या भावनेला मान देणाऱ्या इंग्रजी कवितेतला, निसर्ग बऱ्याचदा समोर नसतोच, तो आठवणीत असतो, आणि आठवण कशाची येते तर जे हातातून गेलंय त्याची.

काय गेलं होतं? थोडं मागे जावं लागेल. अठराव्या शतकात इंग्रजी कवितेत निसर्ग नव्हता असं अजिबात नाही, थॉमसनचं ऋतूंवरचं मोठं काव्य १७३० सालीच पूर्ण झालेलं, ग्रेची स्मशानातली विलापिका १७५१ ची, १७५७ मध्ये बर्क या विचारवंताने सुंदर वेगळं आणि छाती दडपून टाकणारं भव्य वेगळं असं मांडलं त्यामुळे उघडेबोडके डोंगरही बघण्यासारखे वाटायला लागले, तिकडे फ्रेंच विचारवंत रूसोने भावनेला मान मिळवून दिलाच होता. मग फॅशन आली. विल्यम गिल्पिनने १७८२ मध्ये वाय नदीच्या खोऱ्यावर पुस्तक काढलं आणि लोक तिथे ट्रिपा काढायला लागले. बरेच हौशी प्रवासी सोबत एक छोटा काळपट आरसा ठेवायचे, दरीकडे पाठ करून उभे राहायचे आणि आरशात ती दरी पेंटिंगसारखी दिसते का ते बघायचे.

त्याच खोऱ्यात वर्ड्सवर्थ पहिल्यांदा आला १७९३ मध्ये, तेव्हा तो २३ वर्षांचा होता आणि आतून पार मोडलेला होता. १७९० मध्ये तो फ्रान्समध्ये उतरला तो बास्तीयचा तुरुंग पडून फ्रेंच क्रांती सुरू झाली त्याच्या पहिल्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, सगळीकडे नुसता जल्लोष, पुढे पुन्हा गेला, आनेत वॅलों नावाच्या मुलीच्या प्रेमात पडला, १७९२ च्या डिसेंबरमध्ये त्यांना मुलगी झाली, आणि फेब्रुवारी १७९३ मध्ये इंग्लंड-फ्रान्स युद्ध पेटलं. मुलगी तिकडे, हा इकडे, आणि ज्या क्रांतीवर जीव टाकला तिने गिलोटिन चालवलेलं. पाच वर्षांनी, जुलै १७९८ मध्ये, डोरोथीला घेऊन तो पुन्हा तिथे गेला आणि ‘टिंटर्न ॲबी’ ही कविता लिहिली, त्यात तो म्हणतो की तेव्हा मी आवडत्या गोष्टीमागे धावणारा नव्हतो, कशाला तरी भिऊन पळणारा होतो. निसर्गकविता म्हणजे पलायन असं म्हणणाऱ्यांनी ही ओळ जरूर वाचावी, तो स्वतःच ते कबूल करतो आणि मग तिथून पुढे जातो. त्या काळात सरकारला पण हे लोक साधे निसर्गप्रेमी वाटत नव्हते. १७९७ मध्ये सॉमरसेटला वर्ड्सवर्थ आणि कोलरिज शेजारी राहून रानोमाळ भटकायचे तेव्हा त्यांच्यावर नजर ठेवायला गुप्तहेर पाठवला होता.

कोलरिजचं दुःख वेगळं. डॅफोडिल्सच्या फक्त ११ दिवस आधी, ४ एप्रिल १८०२ ला, केझिकला त्याने पत्रासारखी एक लांब कविता लिहिली, तिचीच पुढे ‘डिजेक्शन’ (म्हणजे खिन्नता) ही कविता झाली. अफूचं व्यसन, मोडत आलेला संसार, नको त्या माणसावर जडलेला जीव. तो आकाश बघतो, चांदण्या बघतो आणि म्हणतो, हे किती सुंदर आहे ते मला दिसतंय पण जाणवत नाहीये. मग त्याहून कठोर बोलतो, निसर्गाकडून आपल्याला तेवढंच मिळतं जेवढं आपण त्याला देतो. मित्र वर्ड्सवर्थ म्हणतो निसर्ग सावरतो, हा म्हणतो आतच काही उरलं नसेल तर डोंगर काय करणार. मला स्वतःला ही कविता जास्त खरी वाटते, उदास माणसाला फिरून ये, बरं वाटेल असं कोणी सांगितलं की हीच आठवते.

पुढची पिढी भरभर सांगतो. १८१५ मध्ये इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला, त्याच्या परिणामाने १८१६ ला युरोपात उन्हाळाच आला नाही, आणि त्या अंधारलेल्या दिवसांत जिनिव्हाजवळ बायरनने सूर्य विझल्याची कविता लिहिली. कीट्सने धाकटा भाऊ टॉम क्षयाने डिसेंबर १८१८ मध्ये गमावला आणि पुढच्याच वसंतात नाइटिंगेलची कविता लिहिली.

पण सगळ्यात जास्त तुटतं ते जॉन क्लेअरसाठी. हा शेतमजूर कवी. इंग्लंडमधल्या हेल्पस्टन गावाचा, जन्म १७९३. बाकीचे निसर्ग बघायला जायचे, हा त्यातच राबायचा. १८०९ मध्ये कायदा झाला आणि गावाची सामायिक माळरानं, गुरचरणं कुंपण घालून वाटून टाकली, ओढे वळवले, झाडं तोडली, लहानपणीच्या वाटांवर प्रवेशबंदीच्या पाट्या आल्या. त्याच्या कवितेत पक्ष्यांची घरटी इतकी बारकाईने येतात कारण ती जागा पुसली जाताना तो बघत होता. शेवटची २०-२२ वर्षं नॉर्थॅम्प्टनच्या वेड्यांच्या इस्पितळात गेली, तिथेही लिहीतच राहिला.

आपल्याकडे हे सगळं इंग्रजी शिक्षणातून आलं. केशवसुतांनी इंग्रजी कवी वाचले, सुनीत, म्हणजे चौदा ओळींची कविता, मराठीत आणलं, कवितेत ‘मी’ला जागा करून दिली. बालकवींवर मात्र नुसता इंग्रजी शिक्का मारू नये असं मला मनापासून वाटतं, त्यांच्यामागे खानदेश आहे, रेव्हरंड टिळकांच्या घरचे दिवस आहेत, आणि उदासी तर त्यांची स्वतःचीच, १९१८ मध्ये वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी रेल्वे अपघातात गेले. ‘औदुंबर’ परत काढून बघा. आठच ओळी. झरा, टेकडीकडचं चार घरांचं गाव, शेतं, पांढरी पायवाट, काळा डोह, आणि पाण्यात पाय सोडून बसलेलं झाड. वर्ड्सवर्थच्या बऱ्याच कवितांत ‘मी’ असतो, इथे कुठेच नाही, दुःखाचं नावही नाही, आणि तरी ती पायवाट डोहाकडे वळते तिथे पोटात काहीतरी हलतं.