नाक्यावरची जकात, मंत्रालयातला चेक

रस्ता तिसऱ्यांदा खोदला गेला की गल्लीत हमखास ऐकू येतं, "आमचा टॅक्स जातो कुठे?" प्रश्न रास्त आहे. पण पालिकेकडे पैसा येतो कुठून, हे त्याच्या आधी विचारायला हवं, आणि ते सहसा कुणी विचारत नाही. महाराष्ट्रातल्या मोठ्या शहरांच्या तिजोरीत आज जो पैसा येतो त्यातला मोठा हिस्सा राज्य सरकार महिन्याच्या महिन्याला पाठवतं. पूर्वी हाच पैसा जकात म्हणून, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरचा कर म्हणून, वेशीवर, ट्रकवाल्याच्या हातून, रोजच्या रोज जमा व्हायचा. वेशीपासून मंत्रालयापर्यंतचा हा प्रवास माहीत नसला की स्थानिक राजकारणावरची आपली अर्धी मतं हवेत राहतात.

जकात पालिकांपेक्षा कितीतरी जुनी. माल भरला तिथे थळभरीत, विकला तिथे थळमोड, शिवाय कारागिरांवर आणि दुकानदारांवर मोहतर्फा, अशी मराठी अमलातली करांची नावं दप्तरांत सापडतात. जकातीचे मक्ते पेशवाईतही दिले जात. सरकारला ठरलेली रक्कम द्यायची आणि वर जे सुटेल ते आपलं, हा मक्तेदाराचा हिशेब. पुढे काही महापालिकांनी जकात वसुलीचा ठेका खासगी कंत्राटदारांना दिला तेव्हा ते नवं काही करत नव्हते.

करदात्याने तोंड उघडण्याची परंपराही जुनीच आहे. मुंबईत १८६५ पासून आर्थर क्रॉफर्ड म्युनिसिपल कमिशनर होते. शहर सुधारण्याचा त्यांचा झपाटा मोठा आणि खर्चाचा हातही सैल. क्रॉफर्ड मार्केट त्याच काळातलं. १८७१ मध्ये घरपट्टी भरणारे या खर्चाविरुद्ध उठले. नौरोजी फर्दुनजी त्यांच्यात आघाडीवर होते. तरुण फिरोजशहा मेहतांचं म्हणणं मात्र वेगळं होतं: दोष एका माणसाचा नाही, करदात्यांचे प्रतिनिधी नसण्याचा आहे. १८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांची पालिका आली आणि निम्मे सभासद करदात्यांनी निवडायचे ठरले. मुंबईतली निवडणूक जन्माला आली ती अशी, पैशाच्या भांडणातून.

पुण्यात जोतीराव फुले १८७६ पासून नगरपालिकेचे नेमलेले सभासद होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन येणार म्हणून स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चाचा ठराव आला. हे पैसे शिक्षणावर खर्चावेत असं फुल्यांचं मत होतं आणि त्यांनी ठरावाच्या विरोधात मत दिलं. विरोध करणारे ते एकटेच. आजही सभागृहात स्वागत-सत्काराचा विषय आला की विरोधी मतं साधारण इतकीच पडतात.

स्वातंत्र्यानंतर शहरं वाढली तशी जकात पालिकांचा कणा झाली. ती मालाच्या किमतीवर असल्याने भाव चढले की उत्पन्न आपोआप चढायचं, दर वाढवायची गरज नाही आणि मतदारही नाराज नाही. कारखाने आले की कच्च्या मालावरची जकात आली. पिंपरी-चिंचवडची श्रीमंत महापालिका म्हणून ख्याती झाली ती याच बळावर. मुंबईत दहिसर, मुलुंड, ऐरोली, मानखुर्द इथले नाके रात्रंदिवस चालत आणि शेवटी शेवटी तिथलं वार्षिक उत्पन्न सात हजार कोटींच्या घरात गेलं होतं.

नाक्याची आठवण हळव्या सुरात काढणारे मला पटत नाहीत. ट्रकांच्या रांगा, बिलातली किंमत खरी की खोटी यावरून घासाघीस, आडरस्त्याने माल आणणारी टोळकी, आणि या सगळ्याला वंगण घालणारी चिरीमिरी. ज्या गाडीचा माल शहरात उतरणारच नाही तिलाही एस्कॉर्ट फी, म्हणजे शहर ओलांडण्याचं शुल्क, भरून पुढे जावं लागे. व्यापारी वैतागले होते त्यात नवल नव्हतं.

नगरपालिकांची, म्हणजे छोट्या गावांची जकात राज्याने १९९९ मध्ये काढून टाकली आणि तिच्या जागी अनुदान सुरू केलं. त्याचं पुढे काय झालं याकडे मोठ्या शहरांनी तेव्हाच नीट पाहायला हवं होतं. अनुदान यायचं, त्यातून पगार भागायचे, आणि विकासकामाचा विषय निघाला की मुख्याधिकारी मुंबईची वाट धरायचे.

महापालिकांसाठी मधला मार्ग म्हणून स्थानिक संस्था कर, म्हणजे एलबीटी, आला. २०१० मध्ये काही महापालिकांत आणि १ एप्रिल २०१३ पासून पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत. नाका गेला. व्यापाऱ्याने आपल्या वह्यांवरून हिशेब करून कर स्वतः भरायचा. कागदावर कल्पना चांगली होती. पण व्यापारी व्हॅटची, म्हणजे राज्याच्या विक्रीवरच्या कराची, विवरणपत्रं आधीच भरत होता, आता पालिकेचा अधिकारीही दुकानात येऊन वह्या मागणार या कल्पनेने तो बिथरला. एप्रिल-मे २०१३ मध्ये बाजारपेठा दिवसच्या दिवस बंद राहिल्या. व्हॅटमध्येच एखादा टक्का वाढवून वसूल करा, ही मागणी होती. पृथ्वीराज चव्हाण यांचं सरकार त्याला तयार नव्हतं, कारण तो पैसा आधी राज्याच्या खिशात गेला असता. मला त्या वेळी व्यापाऱ्यांचं पटत होतं. आता मागे पाहताना सरकारचा मुद्दा अधिक वजनदार वाटतो. मुंबईत मात्र एलबीटी आलाच नाही, तिथे जकात चालू राहिली.

व्यापारी हा स्थानिक राजकारणात नुसता मतदार नसतो. मंडळाची वर्गणी, निवडणुकीचा खर्च, पक्षाच्या कार्यालयाचं भाडं, यांतलं बरंच काही त्याच्या गल्ल्यातून जातं. २०१४ च्या प्रचारात एलबीटी हटवण्याचं आश्वासन आलं आणि फडणवीस सरकारने १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपेक्षा कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांना यातून वगळलं. म्हणजे जवळजवळ सगळा बाजारच सुटला. खड्डा भरायला पुन्हा अनुदान.

मग १ जुलै २०१७ ला जीएसटी, म्हणजे जकातीसह अनेक करांच्या जागी एकच वस्तू व सेवा कर, आला आणि मुंबईचे नाकेही बंद झाले. राज्याने महापालिकांना भरपाई देण्याचा वेगळा कायदा केला: २०१६-१७ चं उत्पन्न पाया धरायचं आणि दरवर्षी त्यात ८ टक्के वाढ द्यायची. मुंबईला पहिला हप्ता मिळाला सुमारे ६४७ कोटींचा, तो अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार यांनी पालिका मुख्यालयात जाऊन महापौरांच्या हाती दिला. त्या चेकचा फोटो सगळीकडे झळकला. पण त्याच वेळी राज्य स्वतः केंद्राकडून पाच वर्षं १४ टक्के वाढीची हमी घेत होतं, हे फारसं कुणाच्या बोलण्यात आलं नाही. स्वतःला चौदा, शहरांना आठ.

राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून लागू झाली, पालिकांना बाराव्या अनुसूचीतले १८ विषय, म्हणजे त्यांच्याकडे सोपवता येतील अशी कामं, दाखवले. कर मात्र एकही नावानिशी दिला नाही. कोणता कर लावायचा हे राज्याचा कायदा ठरवणार, आणि राज्याने पालिकांना किती पैसा द्यावा याच्या शिफारशी राज्य वित्त आयोग करत राहणार. त्यामुळे जकात गेली तेव्हा शहरांकडे दाद मागायला घटनेचा आधारही नव्हता.

हाताशी उरला मालमत्ता कर. पण त्याचं बिल थेट मतदाराच्या दारात पडतं, म्हणून तो वाढवायला कुणी धजत नाही, सोडायला सगळे तयार. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना २०२२ पासून माफी मिळाली. पुण्यात स्वतः राहणाऱ्यांना १९७० पासून मिळणारी ४० टक्क्यांची सवलत मध्यंतरी गेली, ओरड झाली, २०२३ मध्ये परत आली. दोन्ही निर्णय शेवटी राज्य मंत्रिमंडळाच्या पातळीवर झाले, पालिकेच्या सभागृहात नाही.

सभागृह तरी कुठे होतं म्हणा. मार्च २०२२ मध्ये मुंबई-पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत संपली आणि त्यानंतर वर्षानुवर्षं नगरसेवकांच्या जागी सरकारने नेमलेला प्रशासक बसला. अंदाजपत्रक आयुक्तांनी मांडायचं आणि प्रशासक म्हणून त्यांनीच मंजूर करायचं. एका हजार रुपयांच्या ठरावाविरुद्ध हात वर करायलाही तिथे कुणी नव्हतं.