जुन्या आवृत्तीत बदल नेमका केव्हा करावा?

नोव्हेंबर २०२० मध्ये अ‍ॅपलने मॅकसाठी ‘बिग सर’ ही ऑपरेटिंग सिस्टीम आणि स्वतः घडवलेल्या एम१ चिपचे संगणक बाजारात आणले. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची ३.९ ही आवृत्ती तेव्हा जेमतेम महिन्याभराची होती. डिसेंबरात आलेल्या ३.९.१ ने या नव्या यंत्रांशी जुळवून घेतले. आधीच्या ३.८ आवृत्तीला मात्र हीच सोय मिळायला मे २०२१ उजाडला, आणि ज्या ३.८.१० मधून ती मिळाली, ती त्या शाखेतली (म्हणजे ३.८ च्या मालिकेतली) नियमित दुरुस्त्यांची शेवटची आवृत्ती होती.

असे भोवतालच्या नव्या गोष्टींशी जुळवून घेणारे, म्हणजेच सुसंगततेचे, बदल हा एक चमत्कारिक प्रकार आहे. ती धड चूक-दुरुस्ती नसते आणि नवी सुविधाही नसते. प्रोग्रॅम कालपर्यंत जसा होता तसाच असतो, फक्त त्याच्या भोवतालचा कंपायलर (कोडचे यंत्राला चालवता येईल असे रूपांतर, म्हणजे कंपाइल, करणारा प्रोग्रॅम), लायब्ररी (तयार कोडचा संग्रह) किंवा ऑपरेटिंग सिस्टीम बदललेली असते. जुनी आवृत्ती वापरणाऱ्यांना मुळात स्थैर्य हवे असते, त्यामुळे तिला हात लावावा की नाही आणि लावायचा तर कधी, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

लहानशा बदलाचाही फटका कसा बसतो, हे पोस्टग्रेस-एसक्यूएल या डेटाबेसने १४ नोव्हेंबर २०२४ रोजी अनुभवले. या डेटाबेसची मुख्य आवृत्ती दरवर्षी येते आणि प्रत्येक आवृत्ती पाच वर्षे सांभाळली जाते. त्या दिवशीच्या उपआवृत्त्यांमध्ये एका अंतर्गत रचनेत नवा घटक जोडला गेल्याने तिचा आकार वाढला होता. जुन्या मापाने कंपाइल केलेली टाइमस्केल-डीबीसारखी एक्स्टेन्शन (डेटाबेसला जोडायचे पूरक प्रोग्रॅम) तेवढीच जागा राखत राहिली, तर सर्व्हर अधिक जागा गृहीत धरू लागला. मूळ कोड वाचणाऱ्याला यात काहीही वावगे दिसले नसते, कारण बिघाड कोडमध्ये नव्हता. आधीच तयार झालेल्या दोन बायनरींच्या (कंपाइल केलेल्या प्रोग्रॅमच्या) एकमेकींविषयीच्या समजुतीत तो होता. अखेर, वेळापत्रकात नसलेल्या नव्या उपआवृत्त्या २१ नोव्हेंबरला काढाव्या लागल्या.

एरवी हे वेळापत्रक ठरलेले असते: फेब्रुवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबरचा दुसरा गुरुवार. प्रकाशनाचा संच त्याआधीच्या सोमवारी बांधला जातो. त्यामुळे रविवारी रात्री घाईने घातलेला बदल जवळजवळ न तपासताच लोकांपर्यंत पोहोचू शकतो, तर प्रकाशन झाल्यावर लगेच घातलेल्या बदलाला सुमारे बारा आठवडे मिळतात आणि स्वयंसेवकांच्या नाना प्रकारच्या यंत्रांवर तो पुनःपुन्हा कंपाइल होऊन तपासला जातो. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नेलच्या, स्थिर शाखांचा दंडकही याच सावधगिरीचा आहे: दुरुस्ती आधी मुख्य शाखेत पोहोचलेली असली पाहिजे.

सुरक्षेच्या दुरुस्तीला इतका धीर धरता येत नाही. सुसंगततेच्या बदलाला मात्र बहुधा तो परवडतो, कारण नव्या कंपायलरच्या आणि ऑपरेटिंग सिस्टीमच्या चाचणी आवृत्त्या काही महिने आधीच हाती येतात; माझ्या मते हा अवधी वाया घालवणे हीच खरी चूक.

मात्र वाट पाहण्यालाही सीमा असते. ३.८.१० नंतर पायथन ३.८ च्या वाट्याला केवळ सुरक्षेच्या दुरुस्त्या आल्या आणि त्याही फक्त मूळ कोडच्या रूपात. मॅक किंवा विंडोजसाठी त्या शाखेचा तयार इन्स्टॉलर पुन्हा निघाला नाही.