बोट वेंगुर्ल्याहून बेळगावला आणून शेडात ठेवायची असेल तर इन्शुरन्सचं काय काय करायला लागतं

माझ्या मावसभावाची वेंगुर्ल्याला फायबरची बोट आहे, पर्यटकांना फिरवायची. पावसाळ्यात धंदा बंद, म्हणून तो बोट ट्रेलरवर घालून सावंतवाडी, आंबोली, चंदगड करत बेळगावला आणतो आणि उद्यमबागेत ओळखीच्या एकाच्या शेडात ठेवतो. दोन वर्षं बिनघोर गेली, तिसऱ्या वर्षी शेडातनं आउटबोर्ड इंजिनच (बोटीच्या मागं बाहेरनं अडकवायचं असतं ते) चोरीला गेलं. क्लेम टाकला तर कंपनीचं उत्तर, पॉलिसीत ठिकाण वेंगुर्ला आहे, बोट कर्नाटकात नेल्याचं आम्हाला कळवलंच नाही, आणि इंजिनला नुसते क्लॅम्प होते, कुलूप कुठाय? एक रुपया मिळाला नाही. तेव्हापासनं त्याचे कागद मी बघतोय.

आधी पॉलिसीचं शेड्यूल काढून वाचा, जाहिरातीचं पत्रक नव्हे. त्यात बोट कुठल्या पाण्यात चालवायची ती हद्द, कुठं ठेवायची ते ठिकाण आणि कुठल्या महिन्यांत बंद राहणार (ह्याला ले-अप म्हणतात) असं लिहिलेलं असतं. हे वॉरंटी म्हणून, म्हणजे पाळायलाच लागणारी अट म्हणून, लिहिलं असेल तर सागरी विमा कायदा १९६३ च्या कलम ३५ प्रमाणे ती अक्षरशः पाळायला लागते, मोडली की पॉलिसीत वेगळं काही लिहिलं नसेल तर त्या तारखेपासनं कंपनी मोकळी. आणि नुकसान व्हायच्या आत बोट परत जागेवर आणली होती हो, असं म्हणून भागत नाही, कलम ३६ मध्ये तेही स्पष्ट आहे.

बदलाचा अर्ज, म्हणजे एंडोर्समेंट, कोण करू शकतो? ज्याच्या नावावर पॉलिसी आहे तोच. भावानं बोट सेकंडहँड घेतली होती आणि पॉलिसी जुन्या मालकाच्याच नावावर चालू होती, ते निस्तरण्यातच आमचे पहिले पंधरा दिवस गेले. पॉलिसी चालू पाहिजे आणि बोटीवर कर्ज असेल तर बँकेचं पत्रही मागतात, कारण पॉलिसीवर बँकेचंही नाव असतं.

अर्ज साधाच आहे, ज्या शाखेतनं पॉलिसी काढली तिथं ईमेल करायचा आणि पोच ठेवायची, एजंटला फोनवर सांगितलं म्हणजे सांगितलं असं धरू नका. लिहायचं एवढंच, बोट कुठल्या तारखेला निघणार, कुठल्या रस्त्यानं, कुठं ठेवणार, किती दिवस, आणि तिथं राखण काय आहे. सोबत पॉलिसी, बोटीचं रजिस्ट्रेशन, सर्व्हे सर्टिफिकेट, हल नंबर (बोटीच्या सांगाड्यावरचा) आणि इंजिन नंबर नीट दिसतील असे फोटो, शेडाचा भाडेकरार. इथं आपली एक खास अडचण. करार कर्नाटकच्या ई-स्टॅम्पवर, शेड शेतात असेल तर सातबारा नाही, पहाणी (कर्नाटकातला जमिनीचा उतारा), तीही कन्नडमध्ये, आणि शाखा कोकणात. आमचे कागद त्यावरनंच एकदा परत आले, मग इंग्रजी भाषांतर नोटरी करून जोडलं. तुम्ही ते आधीच करून ठेवा.

जादा प्रीमियम सांगितला तर लगेच भरा, विमा कायद्याच्या कलम ६४ व्हीबी प्रमाणे पैसे जमा झाल्याशिवाय कंपनीवर जोखीम येत नाही. एंडोर्समेंटचा कागद हातात येईपर्यंत ट्रेलर हलवायचा नाही हा आता आमच्या घरचा नियमच आहे.

रस्त्याचा भाग लोक विसरतात. ओढणाऱ्या गाडीचा इन्शुरन्स त्या गाडीचा, मागच्या बोटीचा नव्हे. बोटीच्या पॉलिसीत रस्त्यावरचा प्रवास धरलाय का ते विचारा, धरला असला तरी बऱ्याच पॉलिसीत खरचटणं आणि पोचे वगळलेले असतात. धरला नसेल तर वेगळी ट्रान्झिट पॉलिसी घ्या, त्यात ए, बी, सी असे प्रकार येतात. सी मध्ये आग आणि वीज एवढंच, बी मध्ये टक्कर, गाडी उलटणं, पूल तुटणं हेही येतं, ए सगळ्यात मोठं. आंबोली घाटातनं जाणाऱ्यानं सी घेऊन पैसे वाचवणं म्हणजे काय ते तुम्हीच ठरवा.

शेडात ठेवल्यावर इंजिनला क्लॅम्पशिवाय वेगळं कुलूप लावा, किंवा काढून बंद खोलीत ठेवा आणि कुलपासकट फोटो काढा. सामान चोरीला गेलं तर फोडाफोडीची खूण दिसली पाहिजे, अशी अटही पुष्कळ पॉलिसीत असते. चिक्कोडी, सदलगा, येडूर भागात नदीकाठी शेड असेल तर पुराचं कव्हर लेखी मागा, २०१९ आणि २०२१ ला पाणी कुठवर आलं होतं ते तिथल्यांना वेगळं सांगायला नको.

आणि ले-अप म्हणजे बोट बंद. भावाचे मित्र म्हणाले, चल की हिडकलच्या धरणात एक फेरी मारू, बोट हाय तर हाय. त्या एका फेरीत काही झालं असतं तर शेडाचं कव्हर उपयोगाचं नव्हतं आणि हिडकलचं पाणी पॉलिसीच्या हद्दीत नव्हतंच. उलट प्रामाणिकपणे बंद ठेवली तर काही पॉलिसीत सलग ३० दिवसांच्या हिशोबानं थोडा प्रीमियम परत मिळतो, पण जागा कंपनीनं मान्य केलेली पाहिजे. ते कलम असेल तर मागून घ्या, आपणहून कोण देत नाही.

क्लेम नाकारला तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जाता येतं, ५० लाखांपर्यंत, फी नाही, नकार आल्यापासनं वर्षाच्या आत. राहणारे बेळगावचे असाल तर बेंगळुरूचं ऑफिस लागतं. शाखा सिंधुदुर्गात असेल तर पुण्यालाही चालतं आणि मराठीत बोलायचं तर मला तेच सोपं वाटतं.

पावसाळा संपून बोट परत खाली नेताना हाच अर्ज उलट्या दिशेनं करायचा, नाहीतर बोट समुद्रात आणि कागदावर अजून उद्यमबागेत.