जेकार्ड (सोलापूर)

मागावरील ताण्याचे (उभे) धागे भोकांच्या पुठ्ठ्यांवरून निवडून उचलणारी यंत्रणा. सोलापुरी चादरीची नक्षी हिच्यामुळे उमटते. जेकार्ड म्हणजे माग नव्हे. हातमाग असो की यंत्रमाग, ते त्याच्या डोक्यावर बसवतात.

शोधाचे श्रेय फ्रान्समधील लियाँचे झोझेफ मारी जाकार (१७५२–१८३४) यांना देतात व वर्ष १८०४ धरतात. मात्र भोकांच्या कागदाने धागे निवडण्याची युक्ती बाझिल बुशाँ यांची (१७२५). कागदाच्या गुंडाळीऐवजी पुठ्ठ्यांची माळ फाल्काँ यांनी केली (१७२८), तर यंत्रणा मागाच्या वर नेली ती वोकांसाँ यांनी, १७४५ च्या सुमारास. वोकांसाँचे पडून राहिलेले यंत्र जाकार यांनी पॅरिसमध्ये पाहिले होते. त्यांना जनकापेक्षा जुळवणारे म्हणणे अधिक रास्त. जेकार्डला संगणकाचा पूर्वज म्हणतात, पण ते नातेही जपूनच सांगावे. इंग्रज गणिती चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या विश्लेषक यंत्रासाठी (संगणकाच्या जुन्या आराखड्यासाठी) हे पुठ्ठे योजले, यात वाद नाही; पण १८९० च्या अमेरिकी जनगणनेत पुठ्ठे वापरणाऱ्या हॉलरिथ यांनी आपल्या कल्पनेचे मूळ म्हणून रेल्वे तिकिटावर पाडल्या जाणाऱ्या भोकांचा दाखला दिला आहे. शिवाय जेकार्ड हिशेब करीत नाही, हुकूम पाळते.

एक पुठ्ठा म्हणजे बाण्याची (आडव्या धाग्याची) एक फेक. भोक असले की सुई आत शिरते, तिचा हूक जागेवर राहतो आणि वर जाणारे पाते त्याला धाग्यासकट उचलते. भोक नसले की सुई मागे ढकलली जाते, हूक पात्यावरून सुटतो, धागा खालीच राहतो. म्हणून एखाद्या पुठ्ठ्यात भोक चुकले तर प्रत्येक चादरीत त्याच फुलाची तीच पाकळी बिघडते. ओळी मोजत गेले की दोषी पुठ्ठा हाती लागतो. नको असलेले भोक कागद चिकटवून बुजवता येते. दुरुस्तीची ही सोय जुन्या यंत्राच्या टिकून राहण्यामागे असावी.

सोलापुरात कापडगिरण्या १८७० च्या दशकापासून; हातमाग व पुढे यंत्रमाग वाढवले ते मुख्यतः तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी. चादरीवर जेकार्ड रुळण्याचा काळ सामान्यतः विसाव्या शतकाच्या मध्याकडे नेतात. दुहेरी विणीमुळे चादरीच्या दोन्ही अंगांना तीच नक्षी उलट रंगांत दिसते. भौगोलिक मानांकन मिळालेल्या देशातील पहिल्या काही वस्तूंत ही चादर आहे. इलेक्ट्रॉनिक जेकार्डमध्ये पुठ्ठा जाऊन फाइल आली. नक्षीचे चौकटी कागदावरचे रेखाटन पडद्यावर गेले, हूक उचलायचा की नाही हा प्रश्न मात्र तोच आहे.