गोगलगायीचं कूळ: शंख, दात, बाण आणि डीएनए

'गोगलगाय नि पोटात पाय' ही म्हण आपण माणसांसाठी राखून ठेवली आहे. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज क्यूविए याने अठराव्या शतकाच्या अखेरीस या प्राण्यांच्या वर्गाला जे ग्रीक नाव दिलं, त्याचा अर्थही जवळपास तोच आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांतला 'उदरपाद' हा शब्द त्यावरूनच आला. नाव पोटावरून पडलं खरं, पण कोण कुणाच्या गोतातलं हे ठरवायची वेळ आली की लोक बराच काळ पाठीवरचा शंखच बघत राहिले.

यात सोय होती. शंख टिकतो, डबीत मावतो, टपालाने पाठवता येतो. गोगलगाय उकळत्या पाण्यात टाकायची, टाचणीने मांस ओढून काढून फेकायचं आणि शंख वाळवून ठेवायचा, अशी संग्राहकांची रीत होती. बंगालच्या सनदी सेवेतल्या विल्यम बेन्सनने भारतातल्या कितीतरी जातींना शंखावरून नावं दिली. पश्चिम घाटातली इंड्रेला त्यांतलीच, 1850 सालची. तिचं अंग लालभडक असतं, कधी पिवळंही असतं, पण शंख पातळ आणि साधा. म्हणजे जे डोळ्यांत भरतं तेच फेकून दिलं जायचं. (मॉरिशसहून आफ्रिकन गोगलगायी 1847मध्ये कोलकात्यात आणणाराही हा बेन्सनच. 2022च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवकडे सोयाबीनची कोवळी रोपं फस्त करणारी शंखी गोगलगाय ती हीच.)

काराकोरममधल्या के-2च्या पायथ्याची हिमनदी ज्याच्या नावाने ओळखली जाते, तो सर्वेक्षक हेन्री गॉडविन-ऑस्टिन याने ही रीत मोडली. डोंगर मोजता मोजता तो गोगलगायी गोळा करी, अख्ख्या स्पिरिटमध्ये ठेवी आणि नंतर चिरून आतले अवयव रेखाटी. 1882पासून जवळजवळ चाळीस वर्षं त्याचं हे काम चाललं. जमिनीवरची गोगलगाय बहुधा उभयलिंगी असते, नर-मादीचे दोन्ही अवयव एकाच अंगात असतात. या अवयवांच्या नळ्यांची ठेवण कुळागणिक वेगळी असते, त्यामुळे सारखे दिसणारे शंख तिथे पटकन वेगळे पडतात. तिकडे फिलाडेल्फियात प्राणिशास्त्रज्ञ हेन्री पिल्सब्रीने 1900 साली मूत्रवाहिनी सरळ जाते की वळण घेऊन जाते यावरून सगळ्या गटाचे मोठे भाग पाडले. पुढची शंभर वर्षं बरंचसं वर्गीकरण याच पायावर उभं होतं.

तरी शरीररचनासुद्धा फसवते. 1908मध्ये ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरच्या मालिकेत गोगलगायींचा पहिला खंड निघाला, ब्लॅनफर्ड आणि गॉडविन-ऑस्टिन यांच्या नावाने. आपल्याकडच्या मांसाहारी गोगलगायी, ज्या दुसऱ्या गोगलगायी खातात, त्यात टेस्टासेला या युरोपीय प्राण्याच्या कुळात घातल्या गेल्या. टेस्टासेला गांडुळं खाते. दोघींच्या जिभेवर विळ्यासारखे लांब, टोकदार दात असतात, आणि तेवढ्यावरून नातं जुळलं. पण भक्ष्य पकडून गिळायचं म्हटल्यावर दात तसेच लागणार. त्यांवरून धंदा कळतो, घराणं कळत नाही. त्याच खंडात आपली आरिओफँटा झोनिटिडी या दुसऱ्या युरोपीय कुळात बसवली होती. मुंबईच्या आसपास पावसाळ्यात दिसणारी, डावीकडे वळणाऱ्या शंखाची गोगलगाय ही याच आरिओफँटांपैकी.

2001मध्ये वेड, मॉर्डन आणि क्लार्क या संशोधकांनी 50 कुळांतल्या 104 जातींचे रायबोसोमी जनुक (पेशीत प्रथिनं घडवणाऱ्या यंत्रणेचे जनुक) ताडून पाहिले. भूचर गोगलगायींचे दोन मोठे फाटे निघाले. आपल्या मांसाहारी गोगलगायींचं कूळ आफ्रिकन शंखी गोगलगायीच्या फाट्यात गेलं, तर टेस्टासेला पलीकडच्या. 1950च्या दशकात आफ्रिकन गोगलगायीला आवर घालण्यासाठी हवाई बेटांवर याच मांसाहारी कुळातली गोनॅक्सिस सोडली होती. मारेकरी म्हणून नेमकी भाऊबंदकीतलीच निवडली होती, हे तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं. पिल्सब्रीच्या सरळ मूत्रवाहिनीवाल्यांचा गट टिकला, वळणवाल्यांचा मात्र फुटला.

'प्रेमबाणा'ची कथाही अशीच. काही गोगलगायी मीलनाच्या वेळी जोडीदाराच्या अंगात चुन्याचा एक बारीक बाण खुपसतात. बाण असलेल्यांचं एक कूळ आणि नसलेल्यांचं दुसरं, कमीनिडी, असा हिशोब होता. पुढे जनुकांवरून कळलं, की आशिया-ऑस्ट्रेलियातल्या बिनबाणवाल्या गोगलगायी आशियातल्या बाणवाल्यांच्याच जवळच्या आहेत आणि अमेरिकेतल्या बिनबाणवाल्यांशी त्यांचं तसं काही नातं नाही. बाण नसणं हा पुरावा धरला हीच मुळात चूक होती, असं मला वाटतं. गमावलेल्या वस्तूवरून कूळ ठरवायला गेलं तर टक्कल पडलेले सगळे एकाच घरचे निघतील. शंखाचंही तेच. तो आक्रसत जाऊन बिनशंखाच्या झालेल्या गोगलगायी वेगवेगळ्या कुळांत स्वतंत्रपणे निपजल्या आहेत.

म्हणून आता दोन्ही पुरावे बरोबर घेतात, पण ते जमवणं कटकटीचं असतं. गोगलगाय तशीच अल्कोहोलमध्ये टाकली तर आखडून घट्ट गोळा होते. म्हणून ती उकळून गार केलेल्या पाण्यात, झाकण लावून रात्रभर बुडवून ठेवतात, मग ती अंग पसरून मरते. पुढे अडचण अशी, की डीएनए टिकायला कडक अल्कोहोल लागतं आणि त्यात अवयव काडीसारखे कडक होतात, चिरता येत नाहीत. त्यावर उपाय म्हणजे पायाचा एक छोटा तुकडा कापून कडक अल्कोहोलच्या कुपीत टाकायचा आणि बाकीचा प्राणी सौम्य अल्कोहोलमध्ये ठेवायचा. शिवाय तिचा चिकट स्राव डीएनएबरोबर उतरतो आणि पुढच्या रासायनिक क्रिया अडवतो. अवयव पुरते वाढलेली गोगलगाय हवी, म्हणजे भर पावसात रात्री बॅटरी घेऊन रान तुडवणं आलं.

अशाच मेहनतीतून 2021मध्ये आंबोलीची वराडिया आंबोलीएन्सिस जगापुढे आली. प्रजातीही (जीनस) नवी आणि जातीही नवी, अंग पुरतं शंखात न मावणारी. नाव सरपटणाऱ्या प्राण्यांचे अभ्यासक डॉ. वरद गिरी यांच्यावरून दिलं आहे. तिचं वेगळेपण जननेंद्रियांच्या रचनेवरूनही दाखवलं आणि जनुकांवरूनही. पश्चिम घाटातल्या बऱ्याच जुन्या जाती मात्र अजून संग्रहालयातल्या रिकाम्या शंखावरूनच ओळखल्या जातात. आतला प्राणी दीडशे वर्षांपूर्वी टाचणीने काढून फेकला, तो पुन्हा कुणी आणून चिरलेला नाही.