आजारपणाचा दावा: फौजीला कारण दाखवावं लागतं, कामगाराला हजेरी

सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही गावात पारावर चार माजी सैनिक बसलेले असले, की त्यातला एकजण हमखास सांगतो, "बोर्डानं तीस टक्के लिहिले होते, पण पेन्शन काही बसली नाही." ऐकणाऱ्याला वाटतं, टक्के कमी पडले असतील. टक्के पुरेसे असतात. अडतं दुसऱ्याच रकान्यात.

निवृत्तीच्या वेळी जो मेडिकल बोर्ड होतो, तो दोन वेगळे निष्कर्ष लिहितो. अपंगत्व किती टक्के, हा एक. आणि आजार नोकरीमुळे झाला किंवा नोकरीमुळे बळावला का, हा दुसरा. अपंगत्व निवृत्तिवेतनासाठी साधारणपणे किमान 20 टक्के आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'होय', अशी दोन्ही लागतात. बीपी, मधुमेह, हृदयविकार असे आजार असले की दुसऱ्या रकान्यात पुष्कळदा 'नोकरीमुळे झालेला नाही, बळावलेलाही नाही' असा शेरा पडतो. इंग्रजी शेऱ्याच्या आद्याक्षरांवरून फौजी भाषेत याला 'नाना' म्हणतात. या दोन अक्षरांवर दावा फेटाळला जातो.

हा शेरा खोडून काढायला सर्वोच्च न्यायालयाचा 2013 चा धरमवीर सिंग खटल्यातला निकाल उपयोगी पडतो. भरतीच्या वेळच्या तपासणीत आजाराची नोंद नसेल, तर तो नोकरीतच जडला असं गृहीत धरायचं आणि तसं नसल्याचं कारणांसह दाखवण्याची जबाबदारी सरकारची, असं न्यायालयानं म्हटलं. म्हणून बोर्डानं कारण न देता नुसता शेरा मारला असेल, तर अपिलात पहिलं बोट तिथंच ठेवायचं.

मात्र निकालाचा हवाला दिला की काम झालं, असं समजू नका. आजार पहिल्यांदा लक्षात आला तेव्हा तुम्ही कुठं होता, शांत ठाण्यावर की फिल्डमध्ये म्हणजे मोहिमेच्या भागात, त्या युनिटमध्ये किती काळ होता, हे तारखांसह मांडा. हृदयविकारात तर त्रास सुरू होण्याआधीच्या 14 दिवसांत काय ड्युटी होती, याचा तक्ता पाहिला जातो. हे सगळं रेकॉर्ड ऑफिसकडं, म्हणजे सैनिकांच्या नोंदी ठेवणाऱ्या लष्करी कार्यालयाकडं असतं. बोर्डाच्या कार्यवाहीची प्रत तुमच्याकडं नसेल तर तिथं लेखी मागा, दिली नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. ती प्रत न वाचता अपील लिहिणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

कागद कोणते? डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), बोर्डाची प्रत, दावा फेटाळल्याचं पत्र, लष्करी रुग्णालयात दाखल झाल्याची कागदपत्रं, आधार, पॅन आणि बँक पासबुक. जिल्हा रुग्णालयाचं अपंगत्व प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) इथं चालत नाही. ते दिव्यांग योजनांसाठी आहे. पेन्शनची टक्केवारी लष्करी बोर्डच ठरवतो. या घोळात कित्येकजण सिव्हिलच्या फेऱ्या मारत बसतात.

पहिलं अपील नकाराच्या पत्रापासून सहा महिन्यांत, रेकॉर्ड ऑफिसमार्फत. तेही फेटाळलं तर दुसरं अपील, आणि त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. अर्ज लिहायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात मदत मिळते.

रकमेचा हिशेब असा. 100 टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के. पगार 40,000 असेल तर 12,000. तुमचं अपंगत्व 30 टक्के असेल तर सरळ हिशेबानं 3,600 होतात. पण 50 पेक्षा कमी टक्के 50 धरायचे, 50 ते 75 असले तर 75 आणि त्यापुढचे 100, अशी पद्धत आहे. नोकरी पुरी करून निवृत्त झालेल्यांनाही ती लागू असल्याचं राम अवतार खटल्यात 10 डिसेंबर 2014 ला स्पष्ट झालं. म्हणजे 3,600 च्या जागी 6,000, वर महागाई भत्ता. हा हिशेब 21 सप्टेंबर 2023 च्या आधी निवृत्त झालेल्यांचा. त्या तारखेपासून नवे नियम आले, नंतरच्यांनी ते वाचूनच अर्ज करावा.

आता कारखान्यातला कामगार. पगार 21,000 पर्यंत (दिव्यांग असल्यास 25,000 पर्यंत) असेल आणि ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल, तर साध्या आजारासाठी 'नोकरीमुळे झाला' हे दाखवावं लागत नाही. इथं प्रश्न हजेरीचा, म्हणजे किती दिवसांची वर्गणी भरली त्याचा. फेब्रुवारीत आजारी पडलात, तर आदल्या वर्षीच्या एप्रिल ते सप्टेंबरमधले किमान 78 दिवस मोजले जातात. तेवढे भरले तर वर्षाला 91 दिवसांपर्यंत मजुरीच्या 70 टक्के मिळतात.

दीर्घ आजाराला 91 दिवस कुठं पुरतात? म्हणून क्षयरोग, कॅन्सर, अर्धांगवायू, मूत्रपिंड निकामी होणं, पार्किन्सन अशा 34 आजारांसाठी वाढीव लाभ आहे. 80 टक्के दरानं, जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत. मधुमेहाचं नाव यादीत आहे, पण नुसत्या साखरेसाठी नाही. डोळ्यांचा पडदा, पाय किंवा मूत्रपिंड बिघडलेलं असावं लागतं. अट अशी, की दोन वर्षं सलग विमापात्र नोकरी आणि मागच्या चार वर्गणी-कालखंडांत (एक कालखंड सहा महिन्यांचा) मिळून 156 दिवसांची वर्गणी. कंत्राटी कामगार नेमका इथं अडकतो. ठेकेदार बदलला की नवा विमा क्रमांक काढला जातो आणि जुनी दोन वर्षं कागदावरून गायब होतात. नव्या जागी पहिल्याच दिवशी जुना क्रमांक द्या. दोन झाले असतील तर आजारी पडायच्या आधीच शाखा कार्यालयातून जोडून घ्या.

आणखी एक. खासगी डॉक्टरच्या चिठ्ठीवर ईएसआयचे पैसे सहज मिळत नाहीत. उपचार बाहेर चालू असले तरी ईएसआय दवाखान्यात जाऊन तिथलं प्रमाणपत्र घ्या, आणि सुट्टी वाढली की प्रमाणपत्रही वाढवून घ्या. मध्ये खंड पडला तर त्या दिवसांचे पैसे हातचे जाऊ शकतात.

कारखान्यातल्या दगडाच्या धुळीनं सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार झाला, अशा व्यवसायजन्य आजारात मात्र कामगारही फौजीच्या रांगेत येतो. 78 दिवसांची अट नसते, पण आजाराचं नातं कामाशी जुळवावं लागतं. काम बंद असेपर्यंत मजुरीच्या 90 टक्के, आणि कायमचं नुकसान झालं असेल तर मेडिकल बोर्ड ठरवेल त्या टक्क्यांनी दरमहा रक्कम.

माजी सैनिकांसाठी वेळेबद्दल शेवटचं. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी दावा करता येतो, मासिक पेन्शन पुढंही चालू होते. पण थकबाकी बऱ्याच खटल्यांत न्यायाधिकरणात अर्ज केल्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळाली आहे. हे सूत्र सर्वोच्च न्यायालयाच्या 2008 च्या तरसेम सिंग निकालातून आलं. पारावर घालवलेल्या प्रत्येक महिन्यामागं जुन्या थकबाकीतला एक महिना कमी होऊ शकतो.