आवळाल तितकं गळेल

नळाचा जोड ठिबकायला लागला की हात आपसूक पान्याकडे जातो. एक फेरा, मग आणखी अर्धा. ठिबकणं थांबतं, आपण पाना ठेवून देतो, आणि काही महिन्यांनी तोच जोड पुन्हा ओला. बडोद्यातल्या कुठल्याही गच्चीवर जा, टाकीतून उतरणाऱ्या पाइपाच्या पहिल्या एल्बोवर, म्हणजे काटकोनी जोडावर, हा सगळा इतिहास दिसेल: टेफ्लॉन टेपचे थर, त्यावर एम-सील, त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी. लोखंडी पाइपांच्या काळात आवळणं चालून जायचं. सुतळी आणि सफेदा लावून जोड पिळला की तो वर्षानुवर्षं हलत नसे. आपल्या हाताला सवय त्या काळाची आहे, पाइप मात्र बदलले.

या विषयावर लिहायचं मनात होतंच, पण निमित्त झालं भाच्याच्या फोनचं. तो एका शिडाच्या नौकेवर काम करतो. गोव्याहून निघून कोचीला पोचल्यावर त्याने विचारलं, "मामा, रात्री सगळे झोपलेले असतात, एकही नळ चालू नसतो, तरी पाण्याचा पंप मधूनच घरघरतो आणि बंद होतो. असं का?"

"कुठला तरी जोड गळतोय. नौकेच्या तळाशी पाणी साचलं असेल, त्यात बोट बुडवून जिभेला लाव आणि थुंकून टाक."

खारट लागलं तर समुद्र आत येतोय आणि प्रकरण गंभीर आहे. गोडं लागलं तर आपलीच टाकी रिकामी होतेय. पाणी गोडं निघालं.

पंप आपोआप का चालतो? घरात टाकी गच्चीवर असते, पाणी स्वतःच्या वजनाने खाली येतं. नौकेत इतकं वजन उंचावर ठेवलं तर ती डोलून कलंडेल, म्हणून टाक्या तळाशी असतात आणि पाणी १२ व्होल्टचा छोटा पंप ढकलतो. पंपावर दाबाचा स्विच असतो. नळ उघडला की नळीतला दाब उतरतो, पंप चालू होतो. नळ बंद केला की दाब साधारण ३ बारपर्यंत चढतो आणि पंप थांबतो. ३ बार म्हणजे ३० मीटर उंच पाण्याचा स्तंभ, दहा मजली इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीचा तळमजल्यावर पडणारा दाब. आपल्या दुमजली घरातल्या नळापेक्षा कितीतरी जास्त. कुठेही बारीक गळती असली की दाब हळूहळू उतरतो आणि पंप जागा होतो.

सेकंदाला एक थेंब ही गळती घरात आपण मनावरही घेत नाही. थेंब ०.०५ मिलिलिटरचा धरला तर दिवसाला ८६,४०० थेंब, म्हणजे सव्वाचार लिटरच्या वर. एका माणसाच्या दिवसभराच्या पिण्याच्या पाण्याहून हे जास्त आहे. कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये 'म्हादेई'वरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. नौदलाच्या महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये आणि पुन्हा २०२४-२५ मध्ये 'तारिणी'वरून केली. अशा सफरींत दोन बंदरांमध्ये महिना महिना जातो. महिनाभर ठिबकणारा असा एक जोड १३० लिटर पाणी तळात ओततो, आणि तळातलं पाणी उपसणारा दुसरा पंप ते इमानाने समुद्रात टाकतो.

भाच्याने कोरडा टिश्यू पेपर प्रत्येक जोडावर फिरवला आणि दोषी सापडला: गरम पाण्याच्या टाकीवरचा प्लास्टिकचा एल्बो. टाकीच्या पितळी निपलवर, म्हणजे बाहेरून आटे पाडलेल्या नळीच्या तुकड्यावर, तो पिळून बसवलेला होता. त्याने फोटो पाठवला. आट्यांच्या तोंडापासून निघून पाइपाच्या लांबीच्या दिशेने गेलेली केसाएवढी चीर, दोन्ही कडांना किंचित पांढुरकी. फोटो बघताच मी म्हटलं, हा पाण्याने फोडलेला नाही, पान्याने फोडलेला आहे. हे छातीठोकपणे सांगता येतं, कारण आकडेमोड अगदी साधी आहे. ती करूनच बघू.

नळाचे बाहेरचे आटे बहुतेक वेळा किंचित निमुळते असतात, पाचरीसारखे आत शिरावेत म्हणून. १६ मिलिमीटर लांबीमागे व्यास १ मिलिमीटरने वाढतो. अर्धा इंची जोडात इंचाला १४ आटे, म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात निपल १.८१ मिलिमीटर आत सरकतं. तेवढ्या लांबीत व्यास वाढतो १.८१ भागिले १६, म्हणजे ०.११ मिलिमीटर. पितळ दबत नाही. तेव्हा हाताने घट्ट झाल्यानंतर पान्याने दिलेल्या प्रत्येक फेऱ्याला बाहेरच्या प्लास्टिकला सुमारे ०.११ मिलिमीटर फाकावं लागतं. जोडाचा व्यास २१ मिलिमीटर. म्हणजे प्रत्येक फेऱ्याला प्लास्टिक अर्ध्या टक्क्याहून थोडं जास्त ताणलं जातं.

अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतं. पण पीव्हीसीचा यंगचा गुणांक, म्हणजे ताणायला पदार्थ किती कडक आहे त्याचं माप, साधारण ३,००० मेगापास्कल आहे, नौकेतल्या जोडांसाठी वापरतात त्या अॅसिटाल प्लास्टिकचाही त्याच्या आसपास. ताण म्हणजे गुणांक गुणिले विकृती (मूळ मापाच्या किती भाग ताणलं ते), हे शाळेत शिकलेलं सूत्र लावलं की उत्तर येतं एका फेऱ्याला सुमारे १६ मेगापास्कल, दोन फेऱ्यांना ३२. आता पाण्याचा वाटा बघा. ३ बार म्हणजे ०.३ मेगापास्कल. १०.५ मिलिमीटर त्रिज्येच्या आणि ४ मिलिमीटर जाडीच्या भिंतीत या दाबाने निर्माण होणारा ताण म्हणजे ०.३ गुणिले १०.५ भागिले ४, जेमतेम ०.८ मेगापास्कल. पान्याचा एक फेरा पाण्याच्या वीसपट ताण देतो, दोन फेरे चाळीसपट. पाण्याच्या पाइपांचं पीव्हीसी २० अंश तापमानाला ५० वर्षं तग धरावं म्हणून दीर्घकालीन ताकद धरतात ती २५ मेगापास्कलची. दुसऱ्या फेऱ्याला आपण ती ओलांडलेली असते, आणि हिशोब अजून पूर्णही झालेला नाही: आट्यांच्या टोकदार खाचेत ताण एकवटतो आणि सरासरीच्या कितीतरी पट होतो. हा ताण पाइपाच्या घेराच्या दिशेने असतो, म्हणून चीर नेहमी लांबीच्या दिशेने जाते. भाच्याच्या एल्बोवर तशीच होती.

टेफ्लॉन टेपने यात भरच पडते. टेप पोकळ्या भरते हे खरं, पण ती निसरडीही आहे. घर्षण कमी झाल्यामुळे हाताला "अजून सैल आहे" असं वाटत राहतं आणि आपण पिळत राहतो.

मग लगेच का फुटत नाही? आणि मुळात काही महिन्यांनी पुन्हा का गळायला लागतं? मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत आवडणारी गोष्ट इथे आहे. प्लास्टिक म्हणजे रेणूंच्या लांबच लांब साखळ्या, वाटीतल्या शिजलेल्या शेवयांसारख्या एकमेकींत गुंतलेल्या. एक शेवई ओढली तर आधी ताणते आणि मग हळूच बाकीच्यांमधून सरकून मोकळी होते. ताणलेल्या प्लास्टिकमध्ये हेच चालतं, फार सावकाश. जोड बाहेरून जसाच्या तसा दिसतो, आकार तोच, आटे तिथेच. आतल्या साखळ्या मात्र सरकून सरकून स्वतःवरचा ताण उतरवत असतात. निपलला धरून ठेवणारी पकड म्हणजे हा ताणच. तो उतरला की पकड गेली. याला ताण-शिथिलीकरण म्हणतात.

त्याची चाल मोठी नमुनेदार असते. पहिल्या मिनिटापासून दहाव्या मिनिटापर्यंत जितका ताण उतरतो, साधारण तितकाच पुढे शंभराव्या मिनिटापर्यंत उतरतो, पुन्हा तितकाच हजाराव्यापर्यंत. वेग कमी कमी होत जातो, पण ताण उतरायचा थांबत नाही. शिवाय तापमान वाढलं की साखळ्या भराभर सरकतात. साध्या पीव्हीसीचे रेणू सुमारे ८० अंशांना मोकळेपणी हलायला लागतात, आणि बडोद्याच्या मे महिन्यात उन्हातला पाइप त्या तापमानाच्या बराच जवळ जातो. नौकेत तीच जागा इंजिनाशेजारची आणि गरम पाण्याच्या टाकीची. वरून प्लास्टिक पितळेच्या चार-पाच पट प्रसरण पावतं, त्यामुळे प्रत्येक गरम-थंडला जोड थोडा सैलावतो, थोडा आवळला जातो. जोड गळतो, आपण आवळतो, नवा ताण साखळ्या उतरवून टाकतात, जोड पुन्हा गळतो, आपण पुन्हा आवळतो. दर वेळी प्लास्टिक आणखी थोडं फाकतं, खाचेतली बारीक चीर आणखी थोडी पुढे जाते आणि एके दिवशी बाहेरच्या पृष्ठभागापर्यंत पोचते.

मी आयुष्यभर प्लास्टिकच्या दाण्यांमध्ये वावरलो. १९६९ साली स्थापन झालेल्या आयपीसीएल (इंडियन पेट्रोकेमिकल्स) या कंपनीने आपल्या शहराच्या वेशीवर, कोयलीच्या रिफायनरीशेजारी देशातलं एक मोठं पेट्रोकेमिकल संकुल उभारलं. जिथे हा पदार्थ टनांनी तयार झाला, त्या शहरात तरी त्याला लोखंडासारखं वागवू नये असं मला फार वाटतं.

साखळ्या सरकतात म्हणून पकड जाते. मग सरकू न देणारा पदार्थ वापरला तर? तो आपल्याकडे केव्हाचा आहे. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरला कळलं की गंधक घालून तापवलेलं रबर चिकट किंवा ठिसूळ होत नाही. गंधकाचे अणू रबराच्या साखळ्यांना जागोजागी एकमेकींशी बांधून टाकतात. बांधलेली साखळी ताणते, पण सरकून निसटू शकत नाही. ओढ सोडली की परत येते. नौकांमध्ये हल्ली वापरतात त्या पेक्स नळीतही हीच युक्ती आहे, पॉलिथिनच्या साखळ्यांना आडव्या गाठी मारलेल्या.

या रबराची कडी करून खाचेत बसवली की झाली ओ-रिंग. नील्स क्रिस्टेन्सन या डेन्मार्कमध्ये जन्मलेल्या अमेरिकन संशोधकाला तिचं अमेरिकन पेटंट १९३९ मध्ये मिळालं. रबराचा आकार सहज बदलतो, आकारमान जवळजवळ बदलत नाही. एका बाजूने दाबलं की ते दुसऱ्या बाजूने फुगतं. म्हणून रिंगवर एका बाजूने पाण्याचा दाब आला की तो रबरातून सगळीकडे पोचतो आणि रिंग भिंतींवर तितक्याच जोराने आणखी दाबली जाते. बसवताना रिंग भिंतीवर क्ष इतक्या दाबाने टेकली असेल, तर ३ बार पाणी सोडल्यावर ती क्ष अधिक ३ ने टेकते. पाण्याचा दाब १० केला तर क्ष अधिक १० ने. क्ष शून्य होत नाही तोवर रिंगचा दाब पाण्याहून नेहमी वरचढ राहतो, आणि त्यासाठी पाना लागत नाही. प्लास्टिकने फक्त रिंगला जागेवर धरायचं, पाणी अडवण्याचं काम रबराचं.

तेव्हा भाच्याला सांगितलं, फुटलेल्या एल्बोला काही लावत बसू नकोस, बदलून टाक. वाटेत, भर समुद्रात असतास तर स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉनची टेप ताणून गुंडाळून बंदरापर्यंत निभावलं असतं. एम-सील किंवा तत्सम इपॉक्सी मात्र पॉलिप्रॉपिलिन आणि पॉलिथिनवर धरतच नाही, कारण त्यांच्या पृष्ठभागावर ते नीट पसरत नाही. "कुठलीही गळती एका मिनिटात बंद" म्हणणाऱ्या जाहिरातींत जोड कशाचा आहे हे सांगतच नाहीत. आणि ठिबकणाऱ्या नळातून लक्ष्मी वाहून जाते, नळाची दिशा बदला, असं सांगून पैसे घेणारे वास्तुवाले तर आपल्या शहरात गल्लोगल्ली आहेत. जोड ईशान्येला असो की नैर्ऋत्येला, साखळ्या तशाच सरकतात. वाहून जातं ते पाणी, आणि ते वाचवायला पन्नास-शंभर रुपयांचा जोड पुरतो.

आधी पंपाचा स्विच बंद करायचा, टाकीचा हीटर बंद करून पाणी थंड होऊ द्यायचं आणि एक नळ उघडून दाब काढायचा. पितळी निपलवर निमुळते प्लास्टिकचे आटे पुन्हा चढवायचे नाहीत; आत रबरी वायसर असलेली फिरती चाकी मिळते, ती हाताने घट्ट करायची आणि वर फार तर पाव फेरा. (उलट बाजूने, म्हणजे प्लास्टिकचे बाहेरचे आटे पितळेच्या सॉकेटात, चालतं. तिथे प्लास्टिक फाकत नाही, दबतं, आणि दाबाने चीर पसरत नाही. घरी पितळी आटे बसवलेले सीपीव्हीसीचे (गरम पाणी सोसणाऱ्या पीव्हीसीचे) जोड त्यासाठीच घ्यायचे.) दुसऱ्या टोकाला ढकलून बसवायचा जोड, आत ओ-रिंगवाला. नळीचं टोक करवतीने नाही, कटरने काटकोनात कापायचं. नळीवर लांबीच्या दिशेने ओरखडा असेल तर त्याच्या पलीकडे कापायचं, कारण रिंगखालून पाण्याला तेवढी वाट पुरते. कड थोडी घासून बोथट करायची, नाहीतर ती रिंगला चिरते. रिंगला सिलिकॉन ग्रीस लावायचं, व्हॅसलिन नाही. पिण्याच्या पाण्यासाठी वापरतात ते ईपीडीएम रबर खनिज तेलाने फुगतं. किती आत जायला हवं तिथे पेनाने खूण करून खुणेपर्यंत ढकलायचं आणि परत ओढून बघायचं. जोडाच्या दोन्ही बाजूंना नळी क्लिपने भिंतीला बांधायची, कारण नौका सतत हलते, लोंबकळती नळी जोडाला एका अंगाला खेचते आणि रिंग दुसऱ्या अंगाला सैल पडते.

रबरही अमर नाही. उष्णतेने आणि पाण्यातल्या क्लोरीनने वर्षांमागून वर्षं काही गाठी तुटतात, काही दबलेल्या अवस्थेतच नव्याने बसतात, आणि क्ष कमी होत जातो. जुना जोड उघडला की रिंग काढून तिचा छेद बघावा. तो गोल असेल तर ग्रीस लावून परत बसवावी. भिंतीला टेकलेली बाजू सपाट झाली असेल तर नवी घालावी.